अमेरिका खंडातील आद्य मानवाचे आगमन : पुराव्याचा वाद आणि इतिहासलेखनाची कसोटी

प्रस्तावना

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबसाची जहाजे बहामा बेटांपैकी एका बेटाला लागली, तेव्हा त्या किनाऱ्यावर माणसे होती. पाठ्यपुस्तकांतून 'अमेरिकेचा शोध' या शीर्षकाखाली शिकविल्या जाणाऱ्या घटनेतील ही सर्वांत महत्त्वाची, तरीही सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब होय. उत्तरेकडील आर्क्टिक किनाऱ्यापासून दक्षिणेकडील तिएरा देल फुएगोपर्यंत दोन्ही खंड त्यापूर्वीच वसलेले होते. तेथे मका व बटाटा यांची शेती होती, नगरे होती, शेकडो भाषा होत्या. कोलंबस आपण इंडिजला पोहोचलो असे समजला आणि त्याच्या या गैरसमजातून त्या लोकांना 'इंडियन' हे नाव चिकटले. मराठीतही 'रेड इंडियन' हा शब्द दीर्घकाळ रूढ राहिला. प्रस्तुत लेखात त्याऐवजी 'मूलनिवासी' हा शब्द योजला आहे.

ही माणसे तेथे केव्हा आणि कोणत्या मार्गाने पोहोचली, हा प्रश्न गेली चार शतके विचारला जात आहे. मानवाचे निकटचे प्राणिपूर्वज असलेले वानर अमेरिकेत विकसित झाले नाहीत. त्यामुळे मानव तेथे बाहेरून आला, याविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते काळाविषयी आणि मार्गाविषयी. या वादात तारखा वारंवार बदलल्या. परंतु वादाचा गाभा तारखांचा नसून 'पुरावा कशास म्हणावे आणि तो मान्य करण्याचा अधिकार कोणाचा' हा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अमेरिकेतील मानवी आगमनाविषयीच्या प्रमुख मतांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) या वादात पुराव्याचे निकष कसे घडले व कसे बदलले, याचा शोध घेणे.
३) या संशोधनाचा मूलनिवासी समाजांशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित उत्खनन-अहवाल व संशोधनपर लेखन यांतील निष्कर्षांचा आधार घेतला आहे. कार्बन-१४ पद्धतीने मिळणारी वर्षे आणि प्रत्यक्ष सौरवर्षे यांत फरक पडतो. म्हणून येथे दिलेले सर्व काळ दुरुस्त केलेल्या सौरवर्षांत, म्हणजे 'आजपासून इतक्या वर्षांपूर्वी' या अर्थाने दिले आहेत.

ग्रंथप्रामाण्य आणि तर्क

सोळाव्या शतकातील युरोपीय विद्वानांपुढे मोठाच पेच उभा राहिला. बायबलमधील वंशावळीत या लोकांचा उल्लेख नव्हता. त्यामुळे कोणी त्यांना इस्राएलच्या हरवलेल्या जमाती मानले, तर कोणी बुडालेल्या अटलांटिस खंडातील लोक. याला महत्त्वाचा अपवाद ठरला तो होसे दे आकोस्ता या स्पॅनिश जेझुइट धर्मोपदेशकाचा. पेरू व मेक्सिको येथे वास्तव्य केलेल्या आकोस्ताने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा तर्क मांडला की, हिंस्र श्वापदे कोणी जहाजात घालून नेणार नाही. ज्याअर्थी ती नव्या जगात आहेत, त्याअर्थी जुने व नवे जग कोठेतरी जमिनीने जोडलेले किंवा अगदी जवळ आलेले असले पाहिजे. व्हिटस बेरिंग आशिया व अमेरिका यांमधील सामुद्रधुनीतून गेला तो १७२८ साली. म्हणजे हा तर्क त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचा आहे.

तथापि आकोस्ताचा हा मार्ग पुढे सरळ राहिला नाही. ओहायो व मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे हजारो प्रचंड टेकाड आढळले, तेव्हा ते मूलनिवासींच्या पूर्वजांनी बांधले असतील हे अनेक गोऱ्या वसाहतकऱ्यांना पटेना. 'टेकाड बांधणारा' एक निराळा, प्रगत वंश तेथे होता आणि तो नष्ट करून हे 'रानटी' लोक आले, अशी कल्पना लोकप्रिय झाली. मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हटविणारा कायदा १८३० मध्ये संमत झाला. त्याच वर्षीच्या काँग्रेसपुढील वार्षिक संदेशात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी या लुप्त वंशाच्या कल्पनेचा आधार घेतला. आधीचे लोक जर उपरेच असतील, तर त्यांना हटविण्यात अन्याय कसला, असा त्यामागील अर्थ होता. सायरस थॉमस यांनी १८९४ च्या विस्तृत अहवालाने ही कल्पना खोडून काढली आणि टेकाडे मूलनिवासींच्या पूर्वजांचीच असल्याचे दाखवून दिले. प्राचीनतेविषयीचे विधान हे केवळ विद्वानांच्या चर्चेचे विधान नसते, हे या प्रकरणातून प्रथम स्पष्ट झाले.

पहिली मर्यादा : फॉल्समपूर्वीचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हिमयुगीन मानवाचे अस्तित्व सिद्ध झाले होते. अमेरिकेतही तसेच दावे पुढे येऊ लागले. परंतु त्यांतील बहुतेक दावे कच्चे होते. स्मिथसोनियन संस्थेतील विल्यम हेन्री होम्स आणि अलेश हर्डलिचका यांनी ते एकामागून एक निकालात काढले. अर्धवट घडवून टाकून दिलेले दगड हे ओबडधोबड दिसतात म्हणून प्राचीन ठरत नाहीत, हे होम्स यांचे म्हणणे योग्यच होते. परंतु या यशातून एक दुराग्रहही जन्मास आला. मूलनिवासी अमेरिकेत येऊन काही हजार वर्षेच झाली असावीत, हे मत जणू सिद्ध झाल्याप्रमाणे वागविले जाऊ लागले. विरोधी दावा करणाऱ्या तरुण संशोधकाची प्रतिष्ठा धोक्यात येई.

ही मर्यादा मोडली ती न्यू मेक्सिको राज्यातील फॉल्सम गावाजवळ. १९०८ च्या महापुराने तेथील एक ओढा खोल खणला गेला. गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे गुरांच्या वाड्यावर मुख्य गुराखी झालेला जॉर्ज मॅकजंकिन कुंपण तपासत असता त्याला त्या खोल थरात मोठी हाडे दिसली. ही हाडे साध्या बायसनची नाहीत आणि ती इतक्या खोलवर असण्यास काही कारण असले पाहिजे, हे त्याने ओळखले. विद्वानांचे लक्ष तिकडे वेधण्यापूर्वीच, १९२२ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. कोलोरॅडो येथील निसर्गेतिहास संग्रहालयाने १९२६ मध्ये उत्खनन सुरू केले. १९२७ मध्ये नामशेष झालेल्या बायसनच्या बरगड्यांमध्ये दगडी भाल्याचे टोक आढळले. या वेळी जेसी फिगिन्स यांनी ते उचलले नाही; जागेवरच ठेवून अन्य संस्थांतील तज्ज्ञांना पाचारण केले. आल्फ्रेड किडर, बार्नम ब्राउन व फ्रँक रॉबर्ट्स यांनी ते प्रत्यक्ष पाहिले आणि वाद मिटला. वस्तू मूळ थरातच असली पाहिजे आणि ती निःपक्षपाती साक्षीदारांनी पाहिली पाहिजे, हा अमेरिकी पुरातत्त्वाचा दंडक येथून रूढ झाला.

क्लोव्हिस : सिद्धान्ताची भिंत

फॉल्समनंतर काही वर्षांतच, १९२९ मध्ये, न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस शहराजवळ ब्लॅकवॉटर ड्रॉ येथे आणखी जुने अवशेष दिसून आले. १९३० च्या दशकातील उत्खननांत मॅमथच्या हाडांसमवेत पायथ्याशी पन्हळ पाडलेली देखणी दगडी टोके मिळाली. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ कालमापनाची पद्धत सिद्ध केल्यावर या संस्कृतीचा काळ निश्चित करणे शक्य झाले. तो सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा ठरला.

याच सुमारास भूगर्भशास्त्राने एक अनुरूप चित्र पुरविले. हिमयुगाच्या परमावस्थेत समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्यामुळे सायबेरिया व अलास्का यांमध्ये 'बेरिंजिया' हा विस्तीर्ण भूप्रदेश उघडा पडला होता. परंतु अलास्काच्या पुढे दोन प्रचंड हिमस्तरांनी कॅनडा व्यापलेला होता. हे हिमस्तर वितळू लागले तेव्हा त्यांच्यामधून एक बर्फमुक्त वाट मोकळी झाली असावी आणि त्या वाटेने शिकारी दक्षिणेस उतरले असावेत, असे मानले गेले. व्हॅन्स हेन्स यांनी १९६४ मध्ये वाट मोकळी होणे आणि क्लोव्हिस टोके दिसू लागणे यांचा मेळ घातला. पॉल मार्टिन यांनी १९७३ मध्ये त्याला जोड दिली की, याच शिकाऱ्यांनी मॅमथसारखे महाकाय प्राणी झपाट्याने संपविले. कोण आले, कोठून आले, केव्हा आले आणि काय केले, या चारही प्रश्नांना एकच उत्तर मिळाले. हाच 'क्लोव्हिस-प्रथम' सिद्धान्त होय.

सिद्धान्ताची हीच सुबकता त्याचा दोष ठरली. अनेक ठिकाणी क्लोव्हिस थर लागला की उत्खनन थांबविले जाई; कारण त्याखाली काही नसणार हे गृहीतच धरलेले असे. खाली खणले नाही म्हणून काही मिळाले नाही, आणि काही मिळाले नाही म्हणून खाली खणण्याचे कारण उरले नाही. अशा रीतीने पुराव्याच्या अभावास अभावाच्या पुराव्याचे रूप आले. पेनसिल्व्हेनियातील मेडोक्रॉफ्ट शैलाश्रयात जेम्स अ‍ॅडोव्हासिओ यांनी १९७३ पासून काळजीपूर्वक उत्खनन करून क्लोव्हिसपूर्व काळ मिळविला. तथापि तेथील नमुन्यांत कोळशाच्या थरातील जुना कार्बन मिसळला असावा, या आक्षेपाने तो दीर्घकाळ टांगणीला लागला.

मॉन्टे व्हर्डे आणि त्यानंतर

या कोंडीत निर्णायक तडा गेला तो दक्षिण चिलीमध्ये. टॉम डिलेहे यांनी १९७७ पासून मॉन्टे व्हर्डे येथे उत्खनन केले. ओढ्याकाठच्या दलदलीमुळे तेथे सहसा न टिकणाऱ्या वस्तू टिकल्या होत्या : निवाऱ्यांची लाकडे, कातड्याचे तुकडे, गाठी मारलेल्या दोऱ्या, रानबटाटे, मास्टोडॉनचे मांस. त्यांचा काळ सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीचा ठरला. बेरिंग सामुद्रधुनीपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या ठिकाणी क्लोव्हिसच्या दीड हजार वर्षे आधी माणसे असतील, तर क्लोव्हिस हे प्रथम असू शकत नव्हते. जानेवारी १९९७ मध्ये हेन्स यांच्यासह तज्ज्ञांच्या गटाने स्थळास भेट दिली आणि काळ ग्राह्य मानला. जे फॉल्सम येथे घडले, तेच सत्तर वर्षांनी पुन्हा घडले. परंतु या वेळी वाद तितक्या सहजपणे मिटला नाही. १९९९ मध्ये स्टुअर्ट फिडेल यांनी अहवालातील नोंदींच्या विसंगतींवर बोट ठेवले, हेन्स यांनीही पुढे शंका व्यक्त केल्या, आणि या स्थळाच्या काळावरील चर्चा अद्यापि संपलेली नाही.

तथापि आता सारा भार एकट्या मॉन्टे व्हर्डेवर राहिलेला नाही. ओरेगॉनमधील पेस्ली गुहांतील सुमारे १४,३०० वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या विष्ठेतून मानवी डीएनए मिळाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लॉरिडातील पेज-लॅडसन या पाण्याखालील स्थळी मास्टोडॉनच्या अवशेषांबरोबर सुमारे १४,५५० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे आढळल्याचे २०१६ मध्ये, तर आयडाहोमधील कूपर्स फेरी येथे सुमारे १६,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक स्थळावर आक्षेप आहेत. परंतु परस्परांपासून दूर असलेली आणि निरनिराळ्या प्रकारचा पुरावा देणारी स्थळे एकाच दिशेने बोट दाखवितात, तेव्हा त्यांचे एकत्रित वजन वाढते.

मार्गाचा प्रश्न

काळ मागे गेल्यावर मार्गही पुन्हा तपासणे भाग पडले. कॅनडातील सरोवरांच्या तळातील गाळावरून २०१६ मध्ये असे दाखविण्यात आले की, बर्फमुक्त वाटेवर वनस्पती व प्राणी यांचा वावर सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीपर्यंत माणसास तगवील इतका नव्हता. बायसनच्या अवशेषांवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासाने हा काळ सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा मानला. दोहोंपैकी कोणताही आकडा घेतला, तरी क्लोव्हिसपूर्व लोकांसाठी ही वाट उशिरा मोकळी झाली, असाच अर्थ निघतो.

पर्यायी मार्ग क्नुट फ्लॅडमार्क यांनी १९७९ मध्येच सुचविला होता. पॅसिफिक किनाऱ्यावरील बर्फ तुलनेने लवकर मागे हटला असावा आणि होड्यांच्या साहाय्याने माणसे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस गेली असावीत, असे त्यांचे मत होते. जॉन अर्लंडसन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यास 'केल्पचा राजमार्ग' ही संकल्पना जोडली. केल्प या समुद्रशैवालाची जंगले उत्तर पॅसिफिकच्या काठाने दूरवर पसरलेली असून त्यांत मासे, शिंपले व सागरी सस्तन प्राणी विपुल असतात. म्हणजे प्रवाशांना वाटेत नव्याने जगण्याची रीत शिकावी लागली नसती. कॅलिफोर्नियाजवळील सांता रोझा बेटावर सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची मानवी हाडे मिळाली आहेत, आणि त्या बेटावर होडीवाचून जाता येत नव्हते. मात्र या मार्गाची मोठी अडचण अशी की, समुद्र वर चढल्याने त्या काळचा किनारा बहुतांशी पाण्याखाली गेला आहे.

व्हाइट सँड्सची पाउले

२०२१ मध्ये या वादास नवे वळण मिळाले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानात प्राचीन सरोवराच्या काठच्या मातीत मानवी पावलांचे ठसे आढळले. त्यांतील बरेचसे मुलांचे व किशोरवयीनांचे आहेत. ठशांच्या वरील व खालील थरांतील पाणगवताच्या बियांवरून त्यांचा काळ २३,००० ते २१,००० वर्षांपूर्वीचा ठरला. हा काळ हिमयुगाच्या परमावस्थेचा होय. दगड निसर्गतः फुटला की माणसाने फोडला, हा वाद येथे नव्हता. पाउल हे पाउलच होते.

आक्षेप आला तो बियांवर. पाण्यात वाढणारे गवत भूजलातील जुना कार्बन शोषून घेते व त्यामुळे ते आहे त्यापेक्षा जुने भासू शकते. संशोधकांनी या आक्षेपाचा अव्हेर केला नाही. २०२३ मध्ये त्यांनी जमिनीवर वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांचे परागकण आणि क्वार्ट्झच्या कणांचे प्रकाश-उत्सर्जन या दोन स्वतंत्र पद्धतींनी तपासणी केली. निष्कर्ष तोच निघाला. २०२५ मध्ये गाळातील सेंद्रिय द्रव्याच्या कालमापनानेही त्यास पुष्टी दिली. या थरांत हत्यारे किंवा चुली मिळालेल्या नाहीत, ही शंका काही अभ्यासक अजूनही उपस्थित करतात. परंतु हा काळ टिकला, तर हिमस्तरांनी मार्ग अडविण्यापूर्वीच माणसे दक्षिणेस पोहोचली होती, असे मानावे लागते.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. एक भिंत पडली म्हणजे कोणताही दावा आत येऊ द्यावा असे नव्हे. ब्राझीलमधील पेद्रा फुरादा येथील फुटलेल्या गारगोट्या निएद गिदों यांनी मानवनिर्मित मानल्या. पण उंच कड्यावरून पडूनही दगड तसे फुटतात, आणि त्याच परिसरातील कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटून हत्यारांसारखे छिलके पाडतात, हे २०१६ मध्ये नोंदविले गेले. कॅलिफोर्नियातील मास्टोडॉनची हाडे १,३०,००० वर्षांपूर्वी माणसाने फोडली, हा २०१७ मधील दावा बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी स्वीकारलेला नाही. होम्स यांची शिस्त आजही आवश्यक आहे. टाळावयाचा आहे तो त्या शिस्तीचा झालेला दुराग्रह.

जनुकीय पुरावा आणि मूलनिवासींचा हक्क

प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने या प्रश्नास निराळे परिमाण दिले. मूलनिवासींचे पूर्वज पूर्व आशियाई आणि प्राचीन उत्तर युरेशियाई अशा दोन प्रवाहांच्या मिश्रणातून घडले, हे सायबेरियातील माल्टा येथील सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या बालकाच्या जनुकसंचावरून दिसून आले. माँटाना राज्यात १९६८ मध्ये क्लोव्हिस हत्यारांसह सापडलेल्या लहान मुलाचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मूल आजच्या मूलनिवासींच्याच पूर्वजवंशातील ठरले. क्लोव्हिस लोक अटलांटिक ओलांडून युरोपातून आले, या मतास त्यामुळे मोठा धक्का बसला. मात्र जनुके नाते सांगतात, स्थळ सांगत नाहीत. व्हाइट सँड्सच्या माणसांचे वंशज उरले की नाही, याचे उत्तर त्या काळाचा डीएनए मिळाल्याखेरीज देता येणार नाही.

हे सारे अवशेष कोणाच्या तरी पूर्वजांचे आहेत, याची जाणीव संशोधनविश्वास फार उशिरा झाली. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. कवटीच्या ठेवणीवरून तो मूलनिवासींचा नसावा, असा तर्क मांडला गेला. १९९० च्या कायद्यानुसार स्थानिक जमातींनी तो दफनासाठी मागितला, तर आठ शास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली. २००४ मध्ये निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने लागला. पुढे २०१५ मध्ये डीएनए चाचणीने तो पुरुष आजच्या मूलनिवासींचाच आप्त असल्याचे सिद्ध केले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये जमातींनी त्याचे दफन केले. जमाती प्रारंभापासून जे सांगत होत्या, ते प्रयोगशाळेने मान्य करण्यास जवळजवळ दोन दशके लागली. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, त्यांचे म्हणणे सर्वांना मान्य होण्यास डीएनए चाचणीच कारणीभूत ठरली.

व्हाइन डेलोरिया यांच्यासारख्या मूलनिवासी विचारवंतांनी १९९५ मध्ये बेरिंग मार्गाच्या सिद्धान्तावर कठोर टीका केली. त्यांची सर्व विधाने पुराव्यावर टिकतात असे नाही. परंतु 'तुम्हीही स्थलांतरितच' या वाक्याचा उपयोग भूमीवरील हक्क नाकारण्यासाठी होतो, हा त्यांच्या टीकेमागील अनुभव टेकाडांच्या इतिहासाने खरा ठरविलेला आहे.

निष्कर्ष

१) क्लोव्हिस संस्कृतीपूर्वी अमेरिकेत मानव होता, हे मत आज बहुसंख्य अभ्यासकांना मान्य आहे. किती पूर्वी, हा प्रश्न खुला आहे. सर्वांत जुना ज्ञात पुरावा हा आगमनाचा क्षण नसून त्याची अलीकडील मर्यादा असतो.
२) हर्डलिचका यांची आणि क्लोव्हिसची अशा दोन्ही मर्यादा कच्चे दावे रोखण्यासाठी उपयुक्त ठरल्या, परंतु निकषाचे निष्कर्षात रूपांतर झाले, तेव्हा त्यांनीच संशोधन अडविले.
३) प्रत्येक वेळी कोंडी फोडली ती थरातील वस्तू जागेवर राखून इतरांना तपासू देण्याच्या पद्धतीने, आणि आक्षेपास नव्या चाचणीने उत्तर देण्याच्या वृत्तीने.
४) १३,००० वर्षे असोत की २३,०००, मूलनिवासींचा त्या भूमीशी असलेला संबंध कोणत्याही आकड्याने कमी होत नाही. ज्यांच्या पूर्वजांचा हा इतिहास आहे, त्यांना सहभागी करून घेतल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.

फॉल्समची हाडे प्रथम ओळखली ती कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर एका गुराख्याने. त्याने जे पाहिले त्याची दखल घेण्यास विद्येच्या जगाला अठरा वर्षे लागली. इतिहासाच्या अभ्यासकाने या वादातून तारखांइतकीच ही गोष्टही ध्यानात ठेवावी.